ग्राहकाला आपलीशी वाटेल अशी वेबसाइट: मराठवाड्यातील व्यावसायिकांसाठी सविस्तर मार्गदर्शन

मराठवाड्यातील लहान-मध्यम व्यवसायांच्या वेबसाइट पाहताना एक गोष्ट वारंवार लक्षात येते. पहिल्याच पानावर संस्थापकांचा हार घातलेला फोटो, उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांची छायाचित्रे, ‘गुणवत्ता, विश्वास आणि सेवा यांचा त्रिवेणी संगम’ असे एखादे वाक्य आणि खाली सरकत जाणारी शुभेच्छांची पट्टी असते; पण माल काय आहे, कितीला आहे आणि तो आपल्या गावी पोहोचेल का, हे मात्र शोधूनही सापडत नाही. अशी वेबसाइट मालकाला आणि त्याच्या सोयऱ्याधायऱ्यांना आवडते, कारण ती त्यांच्याचसाठी तयार झालेली असते. ग्राहक मात्र काही क्षणांत मागे फिरतो. हा लेख त्या ग्राहकाला डोळ्यांसमोर ठेवून वेबसाइट नव्याने कशी उभी करावी, याविषयी आहे. उदाहरणे आपल्याच भागातील घेतली आहेत: वसमतच्या हळदीचा व्यवसाय, जालना जिल्ह्यातील मोसंबीची रोपवाटिका, लातूरचे विद्यार्थी वसतिगृह आणि पैठणची पैठणी.

आधी ग्राहक ठरवावा

‘आमचा माल सगळ्यांसाठी आहे’ हे उत्तर वेबसाइटच्या कामाचे नाही. समजा, वसमत परिसरात आपला हळद प्रक्रियेचा उद्योग आहे. हळकुंडे शिजवून, वाळवून, काही पॉलिश करून आणि काही दळून आपण विकतो. येथे निदान दोन ग्राहक आहेत आणि त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पहिली आहे पुण्यात किंवा छत्रपती संभाजीनगरात राहणारी गृहिणी. तिला अर्धा किंवा एक किलो हळद पूड हवी आहे, ती भेसळीची नसावी एवढीच तिची काळजी आहे आणि पैसे देण्यापूर्वी तिला पाकिटाचे वजन, किंमत व घरपोच येण्याचा दिवस कळायला हवा. दुसरा आहे मसाला तयार करणाऱ्या कारखान्याचा खरेदी अधिकारी; त्याला टनांत माल हवा असतो, तो कुरकुमीनचे (हळदीला पिवळा रंग देणाऱ्या घटकाचे) प्रमाण, ओलावा आणि लॉटचा तपासणी अहवाल विचारतो आणि ‘आजीच्या हातची चव’ हे शब्द वाचून त्याचा वेळ वाया जातो. या दोघांना एकाच पानावर बसवले, तर ते पान दोघांनाही परके वाटते. त्यामुळे दोन स्वतंत्र पाने करावीत आणि पहिल्या पानावर ‘घरासाठी हळद’ व ‘घाऊक खरेदी’ अशी दोन ठळक दारे ठेवावीत.

लातूरच्या वसतिगृहाचे उदाहरण याहून बोलके आहे. खोलीत राहणार विद्यार्थी, पण निर्णय घेणार आणि पैसे भरणार त्याचे आई-वडील. तेही बहुतेक वेळा नांदेड, परभणी, बीड किंवा धाराशिव जिल्ह्यातल्या एखाद्या गावी बसून. विद्यार्थ्याला वायफाय आणि अभ्यासिकेची वेळ महत्त्वाची वाटते. आईला जेवण कसे आहे, पाणी गरम मिळते का आणि मुलगी संध्याकाळी किती वाजेपर्यंत आत येते, हे हवे असते. वडील पहिला प्रश्न विचारतात तो अनामत रकमेचा: मध्येच सोडले तर ती परत मिळते का? बहुतेक वसतिगृहांच्या वेबसाइटवर नेमके हेच नसते आणि मग तोच प्रश्न दिवसातून दहादा फोनवर येतो.

ग्राहक ओळखण्यासाठी खर्चिक सर्वेक्षणाची गरज नाही. आपल्या दुकानाच्या व्हॉट्सॲपवर गेल्या तीन महिन्यांत आलेले संदेश उघडावेत आणि ग्राहकांनी विचारलेले प्रश्न त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवावेत. शब्द सुधारू नयेत, भाषा नीट करू नये. फोन घेणाऱ्या मुलालाही आठवडाभर अशीच टिपणे ठेवायला सांगावीत. शंभरेक प्रश्न जमले की त्यातले बहुतेक पुन्हापुन्हा आलेले आहेत असे दिसेल. ते वारंवार आलेले दहा-बारा प्रश्न हाच वेबसाइटचा आराखडा समजावा. माझ्या मते या एका कामाला रंगसंगती, बोधचिन्ह आणि चलचित्रे यांच्यावर मिळून होणाऱ्या चर्चेपेक्षा अधिक वेळ द्यायला हवा. प्रत्यक्षात मात्र तो नेमका उलट दिला जातो.

पहिल्या पडद्यावरचे वाक्य

मोबाइलवर वेबसाइट उघडल्यावर बोटाने न सरकवता जेवढे दिसते, तेवढ्यात तीन गोष्टी कळायला हव्यात: येथे काय मिळते, ते कोणासाठी आहे आणि पुढे काय करायचे. हळदीच्या उदाहरणात ‘वसमत परिसरातील हळद, रंग न मिसळता दळलेली, पाव किलोपासून घरपोच’ हे वाक्य आणि त्याखाली ‘किंमत पाहा’ हे बटण पुरेसे आहे. ‘आमच्या संकेतस्थळावर आपले सहर्ष स्वागत आहे’ या वाक्याने एक ओळ जाते आणि ग्राहकाला काहीही मिळत नाही. एकामागून एक सरकणारी मोठी चित्रेही टाळावीत. दुसरे चित्र येईपर्यंत थांबणारा वाचक क्वचितच असतो आणि पान जड होते ते वेगळेच.

वाक्य लिहून झाले की एक साधी कसोटी लावावी. त्यातले आपले नाव काढून तिथे शेजारच्या दुकानाचे नाव घातले, तरीही ते वाक्य खरेच राहत असेल, तर ते पुन्हा लिहावे.

भाषा: ग्राहक जे शब्द वापरतो ते

येथे थोडे थांबायला हवे, कारण आपल्याकडच्या वेबसाइट सर्वांत जास्त इथेच फसतात. एक तर सगळा मजकूर इंग्रजीत असतो, किंवा मराठी असली तर ती शासकीय परिपत्रकासारखी असते. रोपवाटिकेच्या पानावर ‘उच्च प्रतीची फलधारक लागवड सामग्री उपलब्ध’ असे लिहिले, तर अंबड किंवा घनसावंगीचा शेतकरी ते वाचणार नाही. तो फोनवर काय विचारतो, ते आठवावे: मोसंबीचे कलम कोणत्या खुंटावर बांधले आहे, रंगपूर लिंबू की जंबेरी? रोप किती महिन्यांचे आहे? हेक्टरी किती रोपे लागतील? पिशवीसकट भाव काय आणि गाडी शेतापर्यंत येईल का? हेच प्रश्न जसेच्या तसे उपशीर्षके म्हणून लिहावेत आणि प्रत्येकाखाली दोन-तीन वाक्यांत सरळ उत्तर द्यावे. शोधयंत्रालाही असा मजकूर समजायला सोपा जातो, कारण शोधणारा माणूस तेच शब्द टंकतो किंवा माइकचे चिन्ह दाबून बोलतो.

मराठी ग्राहक शोध घेताना देवनागरीत लिहील असे मात्र गृहीत धरू नये. अनेक जण मराठी शब्दच रोमन लिपीत टंकतात, काही जण हिंदीत शोधतात आणि मराठवाड्यातील शहरांत दख्खनी-उर्दू बोलणारा मोठा ग्राहकवर्ग आहे, जो वाचताना हिंदी किंवा इंग्रजी निवडू शकतो. त्यामुळे ग्राहक बाहेरचा असेल तर मराठी आणि इंग्रजी अशी दोन स्वतंत्र पाने ठेवावीत, प्रत्येकाचा पत्ता वेगळा असावा आणि भाषा बदलण्याचे बटण वरच्या कोपऱ्यात, त्या-त्या भाषेच्या लिपीत लिहिलेले असावे. आपोआप भाषांतर करणाऱ्या साधनावर सगळे सोडून देऊ नये. ‘खुंट’, ‘बहार’, ‘पदर’, ‘काठ’ अशा शब्दांचे ते हमखास वाटोळे करते.

दुसरा मुद्दा टंकाचा. आपल्याकडचे बरेच मजकूर डीटीपी केंद्रात श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉण्टमध्ये तयार झालेले असतात. तो मजकूर थेट वेबसाइटवर चिकटवला तर ग्राहकाच्या पडद्यावर निरर्थक अक्षरे उमटतात, म्हणून काही डिझायनर त्याचे चित्र करून टाकतात. माझ्या ओळखीतल्या एका दुकानाची अशी संपूर्ण ‘मराठी’ वेबसाइट मी पाहिली आहे. तिच्यात एकही मराठी अक्षर मजकूर म्हणून नव्हते, त्यामुळे गूगलच्या दृष्टीने ते पान जवळपास कोरेच होते. मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे सगळ्या फोन-संगणकांवर अक्षरे तशीच दिसतील अशा पद्धतीत, असावा, हा आग्रह पहिल्या दिवसापासून धरावा. ‘मुक्त’ (Mukta), ‘बलू’ (Baloo), ‘नोटो सान्स देवनागरी’ असे चांगले फॉण्ट विनामूल्य मिळतात. पानाची भाषा मराठी असल्याची नोंद कोडमध्ये करायला सांगावी. तशी सोय असलेल्या फॉण्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ त्यामुळे मराठी वळणाचे दिसतात आणि अंधांसाठीचे वाचक-सॉफ्टवेअर मजकूर मराठी म्हणून वाचू शकते. देवनागरीत मात्रा आणि उकार ओळीच्या वर-खाली जात असल्याने दोन ओळींतले अंतर अक्षराच्या उंचीच्या दीडपटीहून थोडे अधिक ठेवावे, मजकूर १८ पिक्सेलपेक्षा लहान नसावा आणि मोबाइलवर दोन्ही बाजू समान करण्याचा मोह टाळावा, कारण मराठीतल्या लांब शब्दांमुळे ओळीत मोठी भगदाडे पडतात.

छायाचित्रे

इंटरनेटवरून घेतलेले हसऱ्या परदेशी माणसांचे फोटो कोणालाही आपले वाटत नाहीत. आपल्या अंगणात वाळत घातलेली हळकुंडे, गाडीत भरलेली रोपे, जेवणाच्या वेळची खरी मेस हे मोबाइलवर सकाळच्या उजेडात काढलेले फोटो पुरेसे असतात. फोटोने शंकेचे उत्तर द्यावे, ही अपेक्षा ठेवावी. पैठणीचे पाहा: ग्राहकाच्या मनात एकच शंका असते, ती हातमागाची आहे की यंत्रमागाची. पारंपरिक हातमागाच्या पैठणीचा पदर मागच्या बाजूनेही पुढच्यासारखाच स्वच्छ विणलेला दिसतो, सुटे धागे लोंबत नाहीत. म्हणून पदराच्या दोन्ही बाजूंचे जवळून घेतलेले फोटो, मागावर बसलेल्या विणकराचा फोटो आणि असेल तर शुद्ध रेशमाची खूण असलेले सिल्क मार्कचे लेबल, एवढे एकत्र दाखवले की पानभर वर्णनाची गरज उरत नाही. रंगाबाबत प्रामाणिक राहावे; एक फोटो उन्हात आणि एक घरातल्या दिव्याखाली काढून दोन्ही टाकावेत, कारण लग्नाच्या साडीचा रंग पडद्यावर वेगळा दिसला की माल परत येतो आणि नात्यात कुजबुज होते.

फोटो मोबाइलवरून थेट टाकले तर एकेक चार-पाच एमबीचा असतो. तो वेबपी (WebP) या हलक्या फाइल प्रकारात बदलून, रुंदी बाराशे पिक्सेलच्या आसपास आणून शंभर-दोनशे केबीत बसवावा.

वेग, ऊन आणि बोट

तालुक्याच्या गावी नेटवर्क कधी चार काड्यांचे, कधी एका काडीचे असते. गूगलच्या निकषानुसार पानातील सर्वांत मोठा घटक २.५ सेकंदांत दिसला तर वेग चांगला मानला जातो. गूगलच्याच पेजस्पीड इनसाइट्स या विनामूल्य साधनात आपल्या वेबसाइटचा पत्ता टाकून तो तपासता येतो. मात्र ‘मोबाइल’ हा विभाग पाहावा, ‘डेस्कटॉप’चे गुण पाहून खूश होऊ नये. शोध निकालांसाठीही गूगल पानाची मोबाइलवरची आवृत्तीच आधार मानते.

रोपवाटिकेचा ग्राहक शेताच्या बांधावर, भर दुपारच्या उन्हात फोन पाहत असतो. फिक्या राखाडी रंगातली नाजूक अक्षरे त्याला दिसतच नाहीत. वेबच्या सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी असलेला उजेड-अंधाराचा फरक (कॉन्ट्रास्ट) निदान ४.५ : १ असावा, मराठवाड्याच्या मे महिन्यासाठी मी याहून बराच जास्त, शक्यतो पांढऱ्यावर काळाच सुचवेन. बटणे अंगठ्याने सहज दाबता येतील एवढी मोठी आणि एकमेकांपासून दूर असावीत.

किंमत लपवू नये

‘भावासाठी संपर्क करा’ ही सवय बाजारात चालून गेली, कारण समोर बसलेल्या गिऱ्हाइकाला चहा पाजून भाव सांगता येतो. वेबसाइटवर हेच वाक्य ‘माणूस बघून भाव ठरतो’ असे वाचले जाते. ज्या मालाचा भाव रोज बदलतो, त्याची किंमत ‘दिनांक अमुकचा भाव’ अशी तारखेसह लिहावी किंवा कमाल-किमान मर्यादा द्यावी. वाहतूक खर्चही तिथेच सांगावा. पैसे भरण्याच्या शेवटच्या पायरीवर ऐंशी रुपये वाढलेले पाहून खरेदी अर्धवट सोडणारा ग्राहक परत येत नाही. घाऊक खरेदीच्या पानावर मात्र किमतीऐवजी किमान मागणी, पोत्याचे वजन आणि नमुना कसा मिळेल हे लिहिले तरी चालते, कारण तो ग्राहक वाटाघाटीच्याच तयारीने आलेला असतो.

विश्वास कसा दाखवावा

फसवणुकीचे अनुभव घराघरांत असल्यामुळे अनोळखी वेबसाइटवर पैसे भरताना माणूस कचरतो. ‘१०० टक्के विश्वासू’ असे लिहिल्याने ती भीती वाढतेच. त्याऐवजी तपासता येतील अशा गोष्टी द्याव्यात: दुकानाचा खुणेसह पूर्ण पत्ता, चालू असलेला फोन क्रमांक आणि तो उचलण्याची वेळ, जीएसटी क्रमांक, खाद्यपदार्थ असल्यास अन्न सुरक्षा परवान्याचा १४ अंकी क्रमांक, आणि काम करणाऱ्या माणसांचा साधा फोटो. संस्थापकांचा फोटो अवश्य असावा, पण ‘आमच्याविषयी’ या पानावर, हार न घालता.

भौगोलिक मानांकनाचा, म्हणजे ठरावीक भागातल्या वैशिष्ट्यपूर्ण मालाला मिळणाऱ्या जीआय नोंदणीचा, उल्लेख जपून करावा. पैठणी, जालन्याची मोसंबी, बीडचे सीताफळ, मराठवाड्याचा केशर आंबा, वसमतची हळद, कुंथलगिरीचा खवा यांना हे मानांकन मिळाले आहे. तथापि त्याचे चिन्ह लावण्यासाठी १९९९च्या कायद्यानुसार अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. नोंदणी असेल तर ती ठळकपणे सांगावी आणि नसेल तर ‘वसमत परिसरातील शेतकऱ्यांकडून घेतलेली’ एवढे सत्य विधान करावे.

ऑनलाइन विक्री करणाऱ्यांनी ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० एकदा वाचावेत. तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव व संपर्क, माल परत घेण्याच्या अटी, तक्रारीची ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निराकरण या गोष्टी त्यात आहेत, आणि ग्राहक असल्याचे भासवून स्वतःच अभिप्राय लिहिण्यास विक्रेत्याला मनाई आहे. भाच्याकडून लिहून घेतलेले पाच ताऱ्यांचे अभिप्राय तसेही लगेच ओळखू येतात. त्यापेक्षा ग्राहकाने व्हॉट्सॲपवर पाठवलेला मोडकातोडका संदेश, त्याच्या परवानगीने आणि फक्त गावाच्या नावासह, जसाच्या तसा छापावा.

संपर्काचा मार्ग

नाव, पत्ता, ईमेल, विषय आणि संदेश अशा पाच रकान्यांचा अर्ज आपल्या भागातला ग्राहक सहसा भरत नाही; तो फोन करतो किंवा व्हॉट्सॲपवर ‘रेट पाठवा’ असे लिहितो. म्हणून मोबाइलच्या पडद्याच्या तळाशी ‘फोन करा’ आणि ‘व्हॉट्सॲप’ ही दोन बटणे कायम दिसतील अशी व्यवस्था करावी. व्हॉट्सॲपच्या दुव्यात पहिला संदेश आधीच लिहून ठेवता येतो. ‘मला मोसंबीची रोपे हवी आहेत, गाव ____, संख्या ____’ असा मजकूर आयता आला की पुढचे बोलणे सोपे होते. घाऊक खरेदीदारासाठी मात्र ईमेल आणि डाउनलोड करता येणारे एक पानी माहितीपत्रक ठेवावे. याच्या जोडीला गूगल बिझनेस प्रोफाइल विनामूल्य तयार करून त्यावरची वेळ, पत्ता आणि फोन वेबसाइटशी तंतोतंत जुळवावा.

प्रकाशित करण्यापूर्वी पाच जणांना दाखवावी

हे पाच जण घरचे किंवा मित्र नसावेत, ग्राहकासारखे असावेत. वसतिगृहाची वेबसाइट असेल तर बाहेरगावच्या पालकांना विनंती करावी, त्यांच्याच फोनवर पान उघडून द्यावे आणि एक काम सांगावे: ‘मुलीसाठी वर्षाला एकूण किती खर्च येईल, ते यातून शोधा.’ त्यानंतर आपण गप्प बसावे. ‘वर बघा, तिथे आहे’ असे सांगण्याचा मोह आवरणे हे या सगळ्या खटाटोपातले सर्वांत अवघड काम आहे. ते कुठे अडतात, कोणता शब्द पुन्हा वाचतात, कुठे मागे जातात, एवढेच टिपावे. ‘वेबसाइट आवडली का?’ असे विचारू नये. आपल्याकडे पाहुण्याला तोंडावर नाही म्हणण्याची पद्धत नसल्याने उत्तर नेहमी ‘छान आहे’ असेच येते.

हंगामाप्रमाणे बदल

वेबसाइट एकदा केली की झाली, असे नसते. सोयाबीनचे पैसे दिवाळीच्या आसपास हातात येतात, लग्नसराईआधी पैठणीची चौकशी वाढते, दहावीचा आणि नीटचा निकाल लागला की वसतिगृहांचे फोन वाजू लागतात, आणि नव्या हळदीची काढणी, शिजवणी व वाळवणी हिवाळा सरताना सुरू होते. प्रत्येक हंगामाच्या महिनाभर आधी पहिल्या पानावरचे वाक्य, फोटो आणि भाव बदलावेत. गेल्या वर्षीच्या प्रवेशाची जाहिरात अजून झळकत असेल, तर व्यवसाय बंद पडला असावा असाच तर्क होतो.

डोमेन (वेबसाइटचे नाव) आणि होस्टिंग (ती जिथे साठवली जाते ती जागा) आपल्याच नावाने व आपल्याच ईमेलवर असावे, वेबसाइट करून देणाऱ्याच्या नव्हे. नूतनीकरणाची तारीख दुकानातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी. महिन्यातून एकदा गूगल सर्च कन्सोल उघडून लोक कोणते शब्द टंकून आपल्यापर्यंत आले ते पाहावे आणि ती यादी सुरुवातीच्या वहीशेजारी ठेवावी. ‘हळकुंडे आणून दिली तर दळून मिळतील का’ असा प्रश्न फोनवर तीनदा आला आणि शोधातही दिसला, तर त्याच आठवड्यात त्याचे उत्तर, दर किलोमागच्या दळणाईसह, पानावर चढवावे.